वेबहुक जोडल्यानंतरचे प्रश्न

अलर्टमॅनेजर म्हणजे निरीक्षण यंत्रणेने दिलेले अलर्ट (धोक्याचे इशारे) गटांत बांधून पुढे पाठवणारा प्रोग्राम. त्यात वेबहुकचा पत्ता, म्हणजे ज्यावर संदेश आपोआप पाठवला जातो तो वेबपत्ता, भरला की बाह्य सूचनासेवेची जोडणी पूर्ण होते, असे म्हटले जाते. संदेश पोहोचण्यापुरते ते बरोबर असले, तरी तो कधी आणि किती वेळा पोहोचावा हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही. मूळ सेटिंगनुसार अलर्टच्या नव्या गटाची पहिली सूचना 30 सेकंद थांबून जाते, त्या गटात भर पडल्यास 5 मिनिटांच्या अंतराने आणि काहीच न बदलल्यास 4 तासांनी पुन्हा जाते. गट कोणत्या लेबलांवर (अलर्टला जोडलेल्या सर्व्हरचे नाव वगैरे खुणांवर) पाडायचे हे म्हणूनच आधी ठरवावे, कारण पेजरड्यूटी या पाळीवरच्या माणसाला फोन करणाऱ्या सूचनासेवेकडे एका गटाची एकच घटना नोंदली जाते. सर्व्हरचे नाव त्या लेबलांत घातले, तर एक नेटवर्क स्विच बंद पडताच रात्रपाळीवरच्या माणसाचा फोन सर्व्हरगणिक वाजत राहतो. त्या माणसाच्या झोपेची काळजी रचनेतच घेतली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

समस्या निवळल्याचा संदेश वेबहुकवर आपोआप जातो, ईमेल आणि स्लॅकसाठी मात्र तो पर्याय सुरू करावा लागतो.

खुद्द निरीक्षण यंत्रणाच बंद पडली तर कळवणार कोण, हेही पाहावे. त्यासाठी कायम चालू राहणारा एक अलर्ट काही मिनिटांच्या अंतराने बाहेरच्या सेवेकडे पाठवत राहावा आणि तो येणे थांबले की त्या सेवेने फोन करावा. ही सेवा त्याच सर्व्हरवर किंवा त्याच नेटवर्कमध्ये असता कामा नये. या एका अलर्टसाठी वर सांगितलेले 4 तासांचे अंतर अर्थातच कमी करावे लागेल.