त्याच दारातून, पन्नास वर्षांनी

रातराणी: १९६७चा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ आणि २०१७चा ‘गेट आउट’ लागोपाठ पाहिले. गोष्ट एकच: गोरी मुलगी काळ्या मित्राला आईवडिलांच्या भेटीला घरी नेते. पहिल्यातला सिडनी पॉइटिए नामवंत डॉक्टर, नाव ठेवायला जागा नाही. तरी तोच वडिलांना सांगतो, तुमची हरकत असेल तर लग्न करणार नाही. दोघांचं चुंबनसुद्धा टॅक्सीच्या आरशात दिसतं तेवढंच. परीक्षा त्याची, निकाल गोऱ्या बापाच्या हाती. ‘गेट आउट’चा दिग्दर्शक जॉर्डन पीलने मात्र कॅमेरा पाहुण्याच्या बाजूने लावला. घरातले गोड गोड बोलतात आणि आपल्याला घाम फुटतो. खरा बदल हा. आधीच्या सिनेमांना मी बदल मानत नाही.

जुना प्रेक्षक: ताई, हे अन्यायाचं झालं. १९६७च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिथल्या १६ राज्यांत असं लग्न बेकायदा होतं! आणि पॉइटिएचाच ‘इन द हीट ऑफ द नाइट’ त्याच वर्षीचा. कापसाच्या मळ्याचा गोरा मालक आपल्या ऑर्किडच्या काचघरात त्याच्या थोबाडीत मारतो. हा तिथल्या तिथे उलट लगावतो. शेजारी सरबताचा ट्रे घेतलेला काळा नोकर उभा असतो. आजवर पडद्यावर ज्यांच्या वाट्याला ट्रेच आला, त्यांच्या देखत ती थप्पड बसली. दिग्दर्शक गोरा होता म्हणून ती हलकी होत नाही.

मोहर: थप्पड मान्य. पुढे काय झालं? १९८९च्या सिनेमांत काळा दिग्दर्शक स्पाइक लीच्या ‘डू द राइट थिंग’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनही नाही आणि ऑस्कर ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला. गोरी म्हातारी, काळा ड्रायव्हर. २०१९मध्ये ‘ग्रीन बुक’ जिंकला, तेव्हा ड्रायव्हर गोरा आणि मागे बसलेला काळा. सुधारतो कोण? दोन्हीकडे गोराच. मला याचा फार राग येतो.

रातराणी: मोहर, राग पटतो. पण मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा पहिला काळा लेखक पीलच, तेही ‘गेट आउट’साठी. त्याला अपवाद म्हणून बाजूला नका सारू.
काका, काचघराचा प्रसंग काल पुन्हा लावला. माझं शेवटचं वाक्य मागे घेते. ‘डिनर’बद्दल मात्र नाही. त्या घरात टिली नावाची काळी मोलकरीण आहे. वडील अखेर राजी होतात, लांबलचक भाषण करतात, आणि मग तिलाच ओरडून विचारतात, जेवण कधी मिळणार?