परदेशातलं मार्केट दर सहा महिन्यांनी बदलतं, मग निर्णय घ्यायचे कुणी?

चौकस: नमस्कार मंडळी, मी एका मल्टिनॅशनल कंपनीत परदेशातल्या मार्केटसाठी प्रॉडक्टचं काम बघते. तिथले स्पर्धक सहा-सहा महिन्यांनी काहीतरी नवं आणतात आणि आमचा साधा किमतीतला बदल हेड ऑफिसकडून मंजूर होऊन येईस्तोवर दोन महिने जातात, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. मीटिंगमध्ये उत्तर एकच, लोकलायझेशन करा, म्हणजे भाषा बदला, पॅकिंग बदला. मला तर दुखणं वेगळंच वाटतंय. मोठ्या कंपन्यांनी हे कसं निभावलं?

जुना सेल्सवाला: दुखणं बरोबर पकडलंत. चीनमधलं ईबे बघा, ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची अमेरिकी साइट. 2003 पर्यंत त्यांनी तिथली तशीच साइट ईचनेट पूर्ण विकत घेतली होती, मार्केट हातात होतं. त्याच वर्षी अलीबाबा या चिनी कंपनीने ताओबाओ ही साइट काढली, लिस्टिंग फी म्हणजे माल साइटवर टाकायचा आकार शून्य, शिवाय घेणारा आणि विकणारा थेट चॅटवर घासाघीस करू शकायचे. आणि ईबेने 2004 मध्ये काय केलं, तर चिनी साइट उचलून आपल्या जागतिक प्लॅटफॉर्मवर नेली, सर्व्हर अमेरिकेत, साइट स्लो झाली, लहानसहान बदलही तिकडूनच व्हायचे. 2006 संपता संपता स्वतःची साइट बंद करून टॉम ऑनलाइन या चिनी इंटरनेट कंपनीशी भागीदारी करावी लागली. भाषा चिनीच होती हो, अधिकार चिनी टीमकडे नव्हते!

पाटी_कोरी: याच्या उलट केएफसी. 1987 मध्ये बीजिंगला पहिलं दुकान, आणि पुढे मेनू, पुरवठादार, नव्या जागा हे बरंचसं तिथल्याच टीमने ठरवलं. न्याहारीला काँजी (तांदळाची पेज) आणि यूत्याव (तळलेल्या पिठाच्या कांड्या) मिळतं हे सगळे सांगतात, पण ते ठरवायची मुभा कुणाला होती ते कुणी सांगत नाही. 2016 ला तर चीनचा धंदा वेगळी कंपनी म्हणूनच बाजूला काढला.

हिशेबनीस: थोडं थांबा, नुसता वेग पण घात करतो. टार्गेट या अमेरिकी दुकानांच्या साखळीने 2013 पासून कॅनडात दोन वर्षांच्या आत 133 दुकानं उघडली, कॅनडा म्हणजे शेजारचाच देश, पण नव्या सिस्टिममध्ये मालाची मापं-माहिती चुकीची भरली गेली होती, त्यामुळे गोदामं भरलेली आणि दुकानात शेल्फ रिकामे. जानेवारी 2015 मध्ये बाहेर पडतोय म्हणून जाहीर केलं. म्हणून म्हणतो, टीमला अधिकार द्या पण आधी डेटा आणि पुरवठा नीट लावा.

जुना सेल्सवाला: हे मान्य. आणि कधीकधी शिकावंही लागतं, फोक्सवॅगनने 2023 मध्ये शाओपेंग (एक्सपेंग) या इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या चिनी कंपनीत सुमारे 70 कोटी डॉलर घालायचं ठरवलं ते चीनसाठी इलेक्ट्रिक गाड्या मिळून बनवायला. एवढ्या जुन्या कंपनीने कालच्या पोराकडून तंत्र घ्यायचं, मला तरी याचा फार आदर वाटतो.

चौकस: खूप आभार सगळ्यांचे. मग सोमवारी एवढंच मागते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत किंमत बदलायचा अधिकार तिथल्या टीमला, आणि त्याआधी त्यांची स्टॉकची माहिती एकदा तपासून घेते. मर्यादा किती टक्के ठेवावी, कुणाचा अनुभव आहे का?