मिडल स्कूलचा आकडा: शाळेचा की गावाचा?

सांजपायरी

अमेरिकेतल्या छोट्या गावात नोकरी लागली की आपल्या मंडळींना घराआधी शाळेची चिंता. एलिमेंटरीपर्यंत, म्हणजे पाचवीपर्यंत, सगळं गोडीगुलाबीने चालतं. सहावी जवळ आली की कुजबुज सुरू होते, कारण अशा गावात मिडल स्कूल (सहावी ते आठवीची शाळा) बहुधा एकच असतं आणि त्याची कुंडली राज्याच्या शिक्षण खात्याने जगासमोर मांडलेली असते. गणितात निम्म्याहून कमी मुलं ‘प्रोफिशियंट’ (राज्याच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठलेली), निम्म्याहून जास्त मुलं फ्री लंचवर (गरीब घरांना शाळेत मिळणारं फुकट जेवण), ईएसएलची, म्हणजे घरची भाषा दुसरी असून इंग्रजी शिकणारी, मुलं भरपूर. मग सल्ला ठरलेला: लांबच्या सबर्बमध्ये घर घ्या आणि रोज गाडी हाका.

माझ्या मते हा सल्ला आकडा उलटा वाचून दिला जातो. प्रोफिशियंटची टक्केवारी शाळा काय शिकवते यापेक्षा गावात कोण राहतं हे जास्त सांगते. हे काही नवं नाही. १९६६ च्या कोलमन अहवालातच आलं होतं की मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या इमारती आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. अलीकडे स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरच्या डिस्ट्रिक्टांचे (गावोगावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचे) निकाल एका मापात आणले. त्यात सरासरी गुण कुटुंबांच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेले दिसतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा उत्पन्नाशी संबंध बराच सैल. ज्या शिकागोच्या सरकारी शाळांना सगळे नावं ठेवतात, तिथली मुलं २००९ ते २०१४ या पाच वर्षांत सरासरी सहा वर्षांइतकं शिकली, असं त्यांनी दाखवलं. शाळेचं काम मोजायचं तर ते ‘ग्रोथ’च्या रकान्यात असतं, आणि तो रकाना घर शोधणारे उघडतसुद्धा नाहीत.

कोपरखळी

सांजपायरी, कोलमन अर्धाच सांगितलात. त्याच अहवालात हेही होतं की वर्गातली बाकीची मुलं कोणत्या घरांतून येतात, त्यांच्या आकांक्षा काय, याचाही मुलाच्या शिकण्यावर परिणाम दिसतो. म्हणजे पालक ‘कोण राहतं’ हे बघत असतील तर ते अगदीच आंधळे नाहीत.

शिवाय ग्रोथ ही सरासरी. माझी मुलगी सरासरी नाही, ती एकटी आहे. मिडल स्कूलमध्ये पहिल्यांदा गणिताच्या वाटा फुटतात. आठवीत अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) झालं तर बारावीत कॅल्क्युलस सरळ गाठता येतं, नाहीतर मध्ये कुठेतरी दुप्पट धावावं लागतं. छोट्या शाळेत अल्जिब्रासाठी तयार मुलं मूठभर निघाली तर त्यांच्यासाठी वेगळा तास आणि वेगळा शिक्षक कोण देणार? मग त्यांच्या हातात लॅपटॉप देऊन म्हणतात, ऑनलाइन करा. शाळा मागे पडलेल्यांना उत्तम वर काढत असेल, मला आदर आहे. पण ते काम माझ्या मुलीच्या उपयोगाचं नाही.

तिसरीघंटा

अशाच एका गावात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, म्हणून मध्ये पडते. कुठलं गाव ते विचारू नका.

कोपरखळींचा अल्जिब्राचा मुद्दा खरा आहे, आधी तेच सांगते. आमच्यासारख्या शाळेत वेळापत्रक शिक्षकांच्या संख्येवर ठरतं, मुलांच्या गरजेवर नाही. बॅंडचा तास आणि वरच्या गणिताचा तास एकाच वेळी येतो आणि मूल रडतं.

पण ज्या आकड्यांवरून तुम्ही दोघं भांडताय ते आतून कसे दिसतात ते ऐका. एका इयत्तेत ६० मुलं असतील तर एका मुलाचं वजन जवळपास पावणेदोन टक्के. ईएसएलची १२ असतील तर एकेकाचं आठ टक्क्यांहून जास्त. एक कुटुंब मार्चमध्ये दुसरीकडे नोकरीला गेलं की आमचा ‘निकाल’ बदलतो आणि लोक म्हणतात शाळा सुधारली किंवा बिघडली. सांजपायरी, तुमच्या ग्रोथचंही हेच होतं. छोट्या शाळेत तोही दरवर्षी वरखाली उड्या मारतो. किमान तीन वर्षं एकत्र बघितल्याशिवाय त्यातून काही काढू नये.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा गट तर स्वभावानेच नापास दिसतो. ज्याला इंग्रजी आलं तो गटातून बाहेर जातो, नवा आलेला आत येतो. बाहेर गेलेल्यांना चार वर्षांपर्यंत त्याच गटात मोजायची मुभा २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यात आहे, ती असूनही चित्र तिरपंच राहतं. आयोवातलं स्टॉर्म लेक, नेब्रास्कातलं लेक्सिंग्टन, कॅन्ससमधलं गार्डन सिटी घ्या. मांस पॅकिंगच्या कारखान्यांत आलेल्या स्थलांतरित कामगारांच्या मुलांनी या गावांचे वर्ग भरले. मुलांकडे कागदपत्रं असोत नसोत, त्यांना शिकवावंच लागतं. १९८२ पासून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे, आणि तो योग्यच आहे. पण ती मुलं ज्या दिवशी येतात त्या दिवसापासूनचं आमचं काम त्या एका टक्केवारीत मावत नाही.

बिनपाण्याची

आता न बोलता येण्यासारखं बोलतो. ‘वर्गातली बाकीची मुलं’ हे सभ्य शब्दांत कोणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळतं. आपले लोक राज्याने छापलेलं शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडून त्यातल्या वंशवार निकालांत आधी एशियनचा रकाना शोधतात. छोट्या गावात तिथे आकडाच नसतो, कारण मुलं इतकी थोडी की छापलं तर ओळखू येतील, म्हणून राज्य तो झाकून ठेवतं. रकाना रिकामा दिसला की यांचं काळीज लक्कन हलतं, आणि मग ‘गणिताची काळजी’ सुरू होते.

आणि फ्री लंचच्या आकड्याचं काय घेऊन बसलात? मूळ नियम असा की उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत. पण बऱ्याच शाळा आता अशा योजनेत आहेत की शाळेतल्या ठरावीक हिश्श्याची मुलं फूड स्टॅंपसारख्या मदतीवर असली की सगळ्यांनाच फुकट. तो हिस्सा आधी ४० टक्के लागायचा, २०२३ मध्ये २५ वर आणला. अशी शाळा कुठे कुठे थेट शंभर टक्के ‘गरीब’ म्हणून नोंदली जाते. त्यात डॉक्टरचं पोरगंही आलं! हा आकडा बघून घर नाकारणाऱ्याला काय म्हणावं?

कोपरखळी

बिनपाण्याची, माझ्या मनात काय आहे ते मला न विचारता ठरवून टाकलंत. मी कुणाच्या रंगाबद्दल बोलले नाही, तासिकेबद्दल बोलले. आणि गरिबीचा आकडा फुगला म्हणून गरिबी खोटी होत नाही. तीन-चार मुलं आठवड्यातून एकेक दिवस गैरहजर राहिली तर शिक्षक धडा मागे नेतो, हे तिसरीघंटा ताई नाकारतील का?

तिसरीघंटा

नाही नाकारणार. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडाले की मूल ‘क्रॉनिक’ (वारंवार) गैरहजर धरतात, आणि कोविडनंतर हे दुखणं श्रीमंत डिस्ट्रिक्टांतही शिरलंय. मला विचाराल तर शाळा बघताना प्रोफिशियंटच्या आधी हाच आकडा बघा. मुलं शाळेत येतच नसतील तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

सांजपायरी

ग्रोथचे आकडे छोट्या शाळेत डळमळतात हे ताईंचं म्हणणं बरोबर, तीन वर्षांचे एकत्र धरू. पण मूळ आक्षेप मी सोडत नाही. आठवीच्या गणिताची देशाची सरासरी नेपच्या (देशभर नमुन्याने घेतल्या जाणाऱ्या सरकारी) परीक्षेत २०१९ मध्ये २८२ होती, २०२२ मध्ये २७४ झाली आणि २०२४ लाही तिथेच. गावची शाळा पाच वर्षांत घसरली म्हणून पळणाऱ्याने सबर्बची शाळा त्याच काळात किती घसरली हे पाहिलंय का? खाली आलेली शाळा आणि मुळात वरून सुरुवात केलेली शाळा यांतला फरक आपण पैसे मोजून विकत घेतो. शाळेचा बराचसा पैसा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आणि ही विषमता राज्यघटनेच्या विरुद्ध नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच, पाच विरुद्ध चार मतांनी, सांगून टाकलं. त्यात प्रत्येक सुशिक्षित घर लांब राहायला गेलं तर अल्जिब्राच्या तासाला मूठभर मुलंही उरणार नाहीत. कोपरखळी, तुमची तक्रार तुम्हीच निर्माण करताय.

कोपरखळी

म्हणजे गावाचा वर्ग भरायला मी माझी मुलगी पाठवू? हे काम डिस्ट्रिक्टचं आहे, अकरा वर्षांच्या पोरीचं नाही. तिला हायस्कूलचा अल्जिब्राचा वर्ग रोज बसने गाठू द्या, स्कूल बोर्डाने तसं लेखी द्यावं, मी उद्या त्या गावात घर घेते.

ओलीपाटी

मी दोन आठवड्यांत निर्णय घ्यायच्या काठावर बसलोय, म्हणून सरळ प्रश्न. आठवीत अल्जिब्रा आहे की नाही हे प्रिन्सिपलच्या गोड बोलण्याशिवाय कळायला मार्ग आहे का?

तिसरीघंटा

आहे. फेडरल शिक्षण खातं ‘सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन’ नावाने शाळावार माहिती गोळा करतं. आठवीत अल्जिब्रा वनला किती मुलं बसली, किती पास झाली, ते त्यात असतं. माहिती थोडी जुनी असते, म्हणून ती हातात घेऊन शाळेच्या काउन्सेलरला (मुलांना विषय निवडून देणाऱ्या सल्लागाराला) विचारा: यंदा किती मुलं आहेत, शिकवणारा शिक्षक प्रत्यक्ष वर्गात आहे का, आणि सहावीतल्या कुठल्या चाचणीवर ती निवडली. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर पहिल्या दोन उत्तरांवर फार विसंबू नका.

ओलीपाटी

आभारी आहे ताई. उद्याच फोन करतो.