कास पठारावरील गवत: चराई पुन्हा सुरू करावी का?

धागाकर्ती:
गुरे अडवली म्हणजे फुले वाचली, ही समजूत मला पटत नाही. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेले, पुढे काही वर्षे तेथे जाळीचे कुंपण होते आणि चराई थांबली तसे गवत माजले. जांभ्यावरच्या पातळ मातीत सीतेची आसवे ही जांभळी रानफुले जेमतेम बोटभर उंचीवर फुलतात. गुडघाभर गवताच्या सावलीत त्यांचा निभाव कसा लागणार? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली, तेव्हा पास्पालम गवताने उथळ पाणी व्यापून टाकले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. कासलाही मोजकी चराई हवी.

प्रतिसाद १:
आपली कळकळ समजते, पण भरतपूरचा दाखला येथे गैरलागू आहे. पास्पालम बहुवर्षायू असून पेरापेरांना मुळे फुटत पाण्यावर पसरते, तर कासवरचे बरेचसे गवत पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळून जाणारे आहे. शिवाय सीतेची आसवे कीटकभक्षी आहेत, कारण तेथील मातीत नत्र फार कमी असते; त्या मातीत शेण पडले तर खत मिळेल ते गवतालाच. आणि सरसकट ‘गवत’ म्हणण्याआधी एक काडी बोटांत फिरवून पाहावी. तीन कडा लागल्या तर ती बहुधा गवत नसून लव्हाळ्याच्या कुळातली असते. पांढऱ्या गोंड्यांसारखी फुले येणाऱ्या ज्या गेंदासाठी लोक कासला येतात, तोही गवताचाच दूरचा भाऊबंद आहे. गुरांचे खूर यांतले काय तुडवायचे आणि काय सोडायचे, हे निवडत नाहीत.

धागाकर्ती:
शेणाचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी विचारात घेतला नव्हता. तरीही आसपासच्या गावांची गुरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती आणि फुलेही होती, हे कसे नाकारणार?

प्रतिसाद २:
गुरांऐवजी विळा का नको? फुलांचे बी पडून गेल्यावर गवत कापून चारा गावात नेला, तर शेण पडणार नाही, वाळले गवत कुजून मातीत मिसळणार नाही आणि वणव्याचीही भीती कमी होईल.

प्रतिसाद १:
कापणीला माझा विरोध नाही, मात्र तोवर गवताचेही बी पडलेले असते. म्हणून आधी थोड्या जागेत चराई, शेजारी कापणी आणि तिसऱ्या तुकड्याला हातही न लावणे, असे निदान तीन पावसाळे करून प्रत्येक तुकड्यातील सीतेची आसवे मोजावीत. तोपर्यंत सबंध पठारावर गुरे सोडण्यास माझा विरोधच राहील.