कार्ड गावी राहिलं तरी डोस मिळतो
"पालकच निष्काळजी म्हणून मुलांच्या लसीचे डोस चुकले" असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. आमच्या नवी मुंबईतल्या तुर्भ्यात लॉकडाऊनला गावी गेलेली कितीतरी कुटुंबं परत आली ती बाळाचं लसीचं कार्ड गावीच ठेवून, आणि कार्ड नाही म्हटल्यावर ओरडा बसेल म्हणून आया लसीकरण केंद्रावर जायलाच घाबरायच्या. त्यात २०२२ ला भिवंडी-गोवंडीत गोवर पसरला. तेव्हा आशाताई (वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका) दारोदार सांगत फिरल्या, खरंच कौतुक त्यांचं, की डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले तेवढेच देतात, आणि गोवर-रुबेलाची लस मूल ५ वर्षांचं होईपर्यंत मिळते, तीही फुकट. शेजारणीच्या सासूने गावाहून कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, सिस्टरनी तो बघून लगेच नवीन कार्ड भरून दिलं.