मदत हवी आहे: ऑसिलेटोरियातले निळे ठिपके मुलांना केंद्रक वाटतात

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या शाळेत नववीला आदिकेंद्रकी (खरं केंद्रक नसलेल्या) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशी शेजारी-शेजारी दाखवायच्या आहेत. सूक्ष्मदर्शक ४०० पटींपर्यंतचाच आहे, तेल घालून वापरायचं १००एक्स भिंग नाही. त्यामुळे दह्यातले जिवाणू जमत नाहीत: लांबी जेमतेम काही मायक्रोमीटर, आणि केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या गुठळ्याही रंग घेऊन सगळी काचपट्टी निळी करतात. ताक दहापट पातळ करून, मिथेनॉलने चरबी काढूनही चित्र समाधानकारक नाही.

म्हणून ओल्या भिंतीवरच्या निळसर-हिरव्या थरातला ऑसिलेटोरिया घेतला; हा तंतुमय सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आदिकेंद्रकीच. तंतू सुरेख दिसतात, सरकतानाही दिसतात. आयोडीनने शेजारच्या स्पायरोगायरात (दृश्यकेंद्रकी हिरवं शैवाल) स्टार्च काळानिळा होतो, यात होत नाही. म्हणजे ओळख पक्की आहे. अडचण पुढे आहे. गालाच्या पेशींसाठी वापरतो तेच ०.१ टक्का मिथिलीन ब्लू मिनिटभर घातलं की आडभिंतींलगत गडद ठिपके उमटतात. ते बहुधा पॉलीफॉस्फेटचे (पेशीने साठवलेल्या फॉस्फेटचे) कण, पण मुलं नेमकं तेच केंद्रक म्हणून वहीत काढतात, आणि धड्याचा गाभाच निसटतो. रंगाशिवाय दाखवलं तर केंद्रक 'नाही' हे पटत नाही.

जिवाणूंच्या लेपावर १ टक्का सल्फ्युरिक आम्लाने धुतल्यावर बाकी रंग जातो, हे कण मात्र निळे राहतात. हीच चाचणी ऑसिलेटोरियावर कुणी केली आहे का? आम्ल शिक्षकच हाताळतील, तास ३५ मिनिटांचा आहे, फॉयल्गेन रंजन (फक्त डीएनए रंगवणारी पद्धत) परवडणार नाही. तंतूभोवतीचं श्लेष्म (बुळबुळीत आवरण) आड येतं का, आणि आम्ल किती सेकंद ठेवायचं?