रीजन लॉक तोडला तर बिघडलं कुठं?

अर्धविराम:
दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, 'मॉड केलेला (आत फेरफार केलेला) गेम कन्सोल म्हणजे चोरीचा माल.' तिथं विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

कन्सोल मी पैसे मोजून घेतला. खेळही पैसे मोजून जपानहून मागवला. दोन्ही अस्सल. तरी खेळ कन्सोलमध्ये चालत नाही, कारण कंपनीनं जगाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळं कुलूप लावलंय, हाच रीजन लॉक. ते मी काढलं, तर चोरी कशाची झाली?

आणि कुलूप तरी कसलं! अमेरिकी सुपर निन्टेन्डो कन्सोलच्या कॅसेटच्या खाचेत मागच्या कोपऱ्यांत प्लास्टिकची दोन बोटं आहेत. अमेरिकी कॅसेटला पाठीमागं त्यांच्यापुरती खोबण असते, जपानी कॅसेटला नसते, म्हणून ती आत उतरत नाही. बस्स, एवढंच. आतली लॉकआउट चिप (परकी कॅसेट अडवणारी) दोन्हीकडे जुळते, टीव्हीची पद्धतही दोन्हीकडे एनटीएससी. पक्कडीनं ती बोटं मोडली की जपानी खेळ गुमान चालू होतो. निन्टेन्डो ६४ मध्येही हाच प्रकार.

युरोपवाल्यांचं दुखणं याहून जुनाट. तिकडचे टीव्ही तेव्हा ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० वेळा चित्र) होते, जपान-अमेरिकेतले ६० चे. पुष्कळ खेळ नीट जुळवून न घेता तसेच विकले गेले, त्यामुळे ते साधारण १७ टक्के संथ चालायचे, वर-खाली काळे पट्टे यायचे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या बोर्डावर यासाठी दोन जंपर (छोट्या जोडण्या) असतात, एक भाषेचा आणि एक हर्ट्झचा. ते तोडून दोन स्विच बसवले की तोच खेळ पहिल्यांदा खऱ्या वेगानं पळताना दिसतो. यात पायरसी कुठं आली, सांगा.

रखवालदार:
उदाहरणं छान सोयीची निवडलीत. प्लास्टिकची बोटं मोडणाऱ्याला कोण चोर म्हणतंय? प्लेस्टेशनबद्दल बोला ना.

पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर आतल्या कडेला मुद्दाम एक हेलकावा दिलेला असतो. त्यातून कन्सोल चार अक्षरं वाचतो. जपानी डिस्क असेल तर एससीईआय, अमेरिकी असेल तर एससीईए, युरोपीय असेल तर एससीईई. घरच्या सीडी रायटरला तो हेलकावा उमटवता येत नाही. म्हणजे ही अक्षरं दोन कामं करतात, प्रदेश ओळखणं आणि नक्कल पकडणं. तुमची मॉडचिप, म्हणजे कन्सोलमध्ये वरून बसवलेली चिप, काय करते? कन्सोलला ती अक्षरं परस्पर पुरवत राहते. मग डिस्क जपानी असो नाहीतर घरी सीडी रायटरवर काढलेली नक्कल, कन्सोलला सगळं सारखंच. त्या काळात चिप बसवून घेणाऱ्यांत अस्सल जपानी डिस्क मागवणारे किती होते आणि कोऱ्या सीड्यांची चळत घेऊन येणारे किती, हे एकदा मनाला विचारा.

अर्धविराम:
@रखवालदार, दोन कामं एकाच अक्षरांवर सोपवली कुणी? कंपनीनं. तिजोरी आणि बाल्कनी एकाच कुलपात अडकवायची, आणि कुणी वाऱ्यासाठी बाल्कनी उघडली की तिजोरी फोडली म्हणून बोंब मारायची, हे बरंय.

हे कोर्टातही गेलंय. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टात (तिकडचं तेच सर्वोच्च) सोनी मॉडचिपचा खटला हरली. कोर्टाचं म्हणणं असं, की हे कुलूप नक्कल होण्यापासून अडवतच नाही. नक्कल आधीच झालेली असते, कुलूप फक्त ती चालू देत नाही.

रखवालदार:
अर्धीच गोष्ट सांगताय. २००४ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं नेमकं उलटं ठरवलं होतं. अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्यापासून अशी कुलुपं तोडण्याची साधनं विकणं बेकायदा आहे. आणि तुमच्या त्या ऑस्ट्रेलियानं निकालानंतर पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कायदा बदलून कडक केला.

अर्धविराम:
केला ना. पण बदलताना काय लिहिलं तेही वाचा. बाहेर विकत घेतलेला अस्सल सिनेमा किंवा कॉम्प्युटर गेम चालू नये म्हणून लावलेला प्रादेशिक अडसर त्यांनी संरक्षणाच्या व्याख्येतूनच वगळला. म्हणजे संसदेलाही दोन कुलुपं वेगळी दिसली. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयानंही निन्टेन्डोच्या प्रकरणात सांगितलं, की संरक्षण प्रमाणात हवं, आणि असं साधन लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात तेही बघायला हवं.

निळी शाई:
कायद्याचा कीस पाडा निवांत. मला वेगळंच खटकतं. प्रत्येक प्रदेशात खेळ काढायचा तर तिथलं वयाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, गाण्यांचे हक्क वेगळे घ्यावे लागतात, वितरक वेगळा असतो, भाषांतराचा खर्च वेगळा. आयात माल आधीच घरोघर पोचला तर त्या वितरकानं पैसे कशाच्या जिवावर घालायचे? तुमचा जपानी खेळ अस्सल आहे, मान्य. पण तुमच्या भाषेत तो यावा म्हणून कुणीतरी जोखीम घेतोय, त्याच्या पोटावर पाय येतोच.

(आणि हो, प्लेस्टेशनची चिप अक्षरं सतत ओकत राहायची. नंतरच्या काही खेळांनी हे ओळखायला सुरुवात केली. मग अस्सल डिस्क घालूनही 'कन्सोलमध्ये फेरफार झालेला दिसतो' म्हणत खेळ बंद. त्यावर उतारा म्हणून सुरुवातीलाच बोलून गप्प बसणाऱ्या स्टेल्थ चिपा निघाल्या. या शर्यतीला अंत नाही.)

अर्धविराम:
@निळी शाई, मुद्दा वजनदार आहे, पण वितरकाची जोखीम तेव्हाच, जेव्हा कुणीतरी ती घेतो. झेनोब्लेड क्रॉनिकल्सचं बघा. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर हा खेळ २०११ मध्ये युरोपात इंग्रजीत आला. भाषांतर झालेलं, आवाज भरलेले, डिस्क छापून तयार. अमेरिकेत मात्र काढायचं नाव नाही, आणि युरोपची डिस्क अमेरिकी वी घेत नाही. लोकांनी ऑपरेशन रेनफॉल नावाची मोहीम चालवली, तेव्हा कुठं एप्रिल २०१२ मध्ये तिथं तो मिळाला. मधल्या काळात कुणाच्या पोटावर पाय येत होता?

निळी शाई:
मग मोहिमेनं काम झालंच की. सोल्डरिंग गन न उचलता.

खारट चहा:
झालं, पण दर वेळी होतं का? टेरानिग्मा हा खेळ सुपर निन्टेन्डोवर युरोपात इंग्रजीत निघाला, अमेरिकेत कधीच आला नाही. आणि तिथं नुसती बोटं मोडून भागत नाही, युरोपची लॉकआउट चिप वेगळी. अशा खेळासाठी वाट तरी कुणाची बघायची? बाकी अर्धविरामशी सहमत.

फ्लक्स:
मी मॉडच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं. ही यंत्रं आता बनत नाहीत. ज्याला नीट डाग (सोल्डरिंग) देता येत नाही तो बोर्डावरची तांब्याची रेघ उपटून ठेवतो, आणि मग तो कन्सोल ना या देशाचा राहतो ना त्या. जिथं न कापता काम होतं तिथं कापू नका. सेगाच्या सॅटर्नला अॅक्शन रीप्लेचं कार्ट्रिज लावलं की परदेशी डिस्क चालते, निन्टेन्डोच्या गेमक्यूबला त्याच कामाची फ्रीलोडर डिस्क आहे. फॅमिकॉमची (निन्टेन्डोचा जुना जपानी कन्सोल) कॅसेट ६० पिनांची, त्याच्याच अमेरिकी रूपाची, एनईएसची, ७२ पिनांची, त्यासाठी मधला अॅडॅप्टर मिळतो. जपानी खेळ फार असतील तर सरळ जपानी कन्सोलच घ्या.

पण घेतलात तर विजेकडे बघा. फॅमिकॉमला डीसी लागतो आणि एनईएसचा विजेचा अॅडॅप्टर एसी देतो. पिन मात्र बरोबर बसते! पिन बसली म्हणून लोक बटण दाबतात आणि आतला रेग्युलेटर जळतो.

रखवालदार:
फ्लक्स, हे मात्र पटलं. दुसरा कन्सोल घ्या, वादच मिटला.

खारट चहा:
वा! अडवणूक त्यांनी करायची आणि दोन-दोन कन्सोल आम्ही घ्यायचे. मग २०१७ मध्ये निन्टेन्डोनं स्विच नावाच्या कन्सोलमधून हे कुलूप काढलंच कसं? प्लेस्टेशन ३ नं तर २००६ मध्येच बहुतेक खेळांसाठी काढलं होतं. वितरकांचे संसार उघड्यावर पडल्याचं ऐकिवात नाही.

निळी शाई:
कारण कुलूप आता दुकानात गेलंय, साहेब. ऑनलाइन स्टोअर खात्याच्या प्रदेशाप्रमाणं माल दाखवतं. निन्टेन्डोच्या ३डीएस कन्सोलचं स्टोअर २०२३ मध्ये बंद झालं. तिथं फक्त डाउनलोडवर मिळणारे जपानी खेळ होते, ते आता कुठली बोटं मोडून आणणार?

अर्धविराम:
हा मात्र माझ्याच बाजूचा मुद्दा तुम्ही मांडलात. कॅसेट होती म्हणून निदान मोडायला काहीतरी होतं.

नवा_भिडू:
वाद रंगलाय, मध्येच विचारतो. अमेरिकी गेमक्यूब आहे, जपानी डिस्क मिळतायत. प्रदेश बदलायचा स्विच बसवू की फ्रीलोडर घेऊ?

फ्लक्स:
डाग देणारा हात खात्रीचा असेल तर स्विच, नाहीतर फ्रीलोडर. जपानी आणि अमेरिकी गेमक्यूबमध्ये बोर्डावर एका जोडणीचाच फरक आहे, त्यामुळे स्विचचं काम लहान आहे आणि पुन्हा मूळ स्थितीला आणता येतं. मेमरी कार्ड मात्र दोन ठेवा. जपानी बाजूला टाकल्यावर तो अमेरिकी कार्ड वाचता येत नाही म्हणून फॉरमॅट करू का असं विचारतो, तेही जपानीत. हो म्हणालात तर जुने सगळे सेव्ह गेले.